दिवट्याचं देवक

बातमी आली तेव्हा मी मंचरच्या बाजारात बटाट्याच्या पोत्यावर बसून बिबट्याची गोष्ट सांगत होतो. गोष्ट जुनी, पण ऐकणारे नवे होते. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं चहाला थांबली होती आणि त्यांच्या मानाखातर बिबट्या त्या दिवशी अकरा फुटांचा झाला होता. तो उसातून बाहेर पडला होता, शेपटीनं आमच्या अंगणातली धूळ झाडत होता, आणि माझा कुत्रा दिवट्या त्याच्या समोर छाती काढून उभा होता… एवढ्यात खिशात फोन वाजला. फोन अनघाचा होता. अनघा म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांची डॉक्टर, आमच्या नलिनीबाईंची विद्यार्थिनी. म्हणाली, "भाऊ, बाई गेल्या. सकाळी. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. असल्या वेळी माणूस काय बोलेल त्याचा नेम नाही. फोन खिशात ठेवला तर पोरं माझ्याकडं बघत होती. एकानं विचारलं, "मग, काका? बिबट्याचं काय झालं?" मी म्हणालो, "गेला निघून." ती गोष्ट मी कित्येक वर्षं सांगतोय. एवढ्याशा शेवटावर ती कधी भागली नव्हती.

डॉ. नलिनी पेठकर हे नाव कुत्र्यांच्या डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांत मोठं होतं, असं अनघा सांगते. आमच्याकडं मात्र हे नाव कुणाला सांगून कळायचं नाही. "डोळेवाल्या बाई" म्हटलं की घोडेगावच्या स्टँडवरचा वडेवालासुद्धा खोली दाखवायचा. बाई शहरातल्या पशुवैद्यक कॉलेजातून निवृत्त झाल्या. निवृत्त माणसानं गुलाब लावावेत, नातवंडांना शाळेत सोडावं, तर ह्या एक कपाळावर बांधायचा दिवा, एक भिंग आणि कापसाचा गठ्ठा घेऊन घोडेगावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिल्या. कारण काय, तर इकडं नोकरीला आलेल्या एका विद्यार्थ्यानं त्यांना सांगितलं होतं की आंबेगाव-जुन्नरच्या वाड्या-वस्त्यांवरची चांगली धट्टीकट्टी कुत्री तिन्हीसांजेला बाजेला, बैलगाडीला, विहिरीच्या कठड्याला धडकतात. लोक म्हणायचे, कुत्रं म्हातारं झालं. पण ती कुत्री म्हातारी नव्हती. बाईंना तेवढं पुरलं.

माझ्याकडं त्या आल्या त्या दिवट्यासाठी. आता दिवट्या कोण ते सांगायला हवं. मराठीत वाया गेलेल्या पोराला दिवटं म्हणतात, पण आमच्या भागात दिवट्या ही कुत्र्याची पदवी आहे. तिन्हीसांजेला ज्याचे डोळे कंदिलासारखे पेटतात तो दिवट्या. बिबट्या त्या डोळ्यांना भितो, असा दोन्ही तालुक्यांचा विश्वास. त्यामुळं पार ओतूरपासून भीमाशंकरच्या पायथ्यापर्यंत ज्याला राखणीचं कुत्रं हवं तो दिवट्याचंच पिल्लू मागायचा, आणि कुत्री माजावर आली की दिवट्यालाच आवतण यायचं. आमचा दिवट्या ह्या सगळ्या दिवट्यांचा राजा. त्याच्या डोळ्यांच्या उजेडात मी एकदा लग्नाची पत्रिका वाचून काढलीय, खालच्या चिमुकल्या नातवंडांच्या नावांसकट. हायवेवर एका ट्रकवाल्यानं त्याला बघून डिपर मारला होता. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मी सांगत नसतो.

बाई अंगणात आल्या, पायातल्या चपला झाडल्या आणि म्हणाल्या, "तुमचा कुत्रा बघायला आलेय."

"बघायच्या आधी ऐकून घ्या," मी म्हणालो, आणि बिबट्याची गोष्ट लावली. तेव्हा बिबट्या नऊ फुटांचा होता. दिवेलागणीची वेळ, बिबट्या उसातून आला, शेळ्या ओरडायला लागल्या, मी दारात, आणि दिवट्या एकटा त्याला आडवा. मागं पाऊल नाही, शेपूट खाली नाही, नुसता भुंकतोय… शेवटी बिबट्याच कंटाळून गेला. गोष्ट तासभर चालली. बाईंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, एकदाही "खरंच?" म्हणाल्या नाहीत. संपल्यावर एवढंच विचारलं, "बिबट्या कुठून आला होता?"

"उसातनं. ह्या अंगानं."

"आणि दिवट्याचं तोंड कुणीकडे होतं?"

 एवढे लोक ही गोष्ट ऐकून गेले, पण हा प्रश्न कुणाच्या बापानं विचारला नव्हता. आमची मंडळी, म्हणजे सुलोचना, दारात तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "गोठ्याच्या भितीला भुकत व्हतं ते. मी तवाच म्हनलं व्हतं, अवं बिबट्या हिकडं हाय, त्याला सांगा."

"हो," मी म्हणालो. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. उठून दिवट्यापाशी गेल्या, उकिडव्या बसल्या आणि त्याच्या कानामागं खाजवत म्हणाल्या, "वास भिंतीवरून फिरून आला असेल. अहो दिवटे, तुम्ही शूरच आहात. जे दिसत नाही त्याच्यासमोर उभे राहिलात." बाईंची ही एक खोड होती. प्रत्येक कुत्र्याला त्या अहोजाहो करायच्या. माझं लग्न होऊन जमाना लोटला, मला घरात नुसतं "अवं" मिळतं. कुत्र्याला मात्र चांगलं "ह"सकट "अहो".

मग त्यांना अंधारी जागा हवी होती. शेतकऱ्याच्या घरी भरदिवसा अंधार कुठं मिळायचा, तर कांदा साठवायच्या बराखीत. आम्ही बराखीच्या फटींना घोंगड्या लावल्या. आत कांदा छातीपर्यंत. बाईंनी दिवट्याच्या डोळ्यांत थेंब टाकले, कपाळाला दिवा बांधला, खाणीत उतरायला निघाल्यासारख्या, आणि भिंग धरून त्याच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या. त्यात काही कांदे सडलेले, त्यांचा वास असा की दिवट्याला धरून बसलेल्या सुलोचनासकट आम्हा तिघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. एकटा दिवट्या कोरडा. बाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "आज सगळ्यांचे डोळे धुऊन निघाले." मग त्यांनी दिवा विझवला, दार बोटभर उघडं ठेवलं आणि पिशवीतून कापसाचा एक बोळा काढून दिवट्याच्या नाकासमोरून खाली सोडला. कापसाला आवाज नाही, वास नाही. ज्याला दिसतं त्याची मान त्याच्यामागं जाते. मला त्या अर्ध्या अंधारात बोळा खाली जाताना दिसला. दिवट्याची मान हलली नाही. बाईंनी दुसरा सोडला, तिसरा सोडला. तो आपला माझ्या आवाजाच्या दिशेनं शेपूट हलवत बसला होता.

बाहेर आल्यावर त्यांनी समजावलं. शिकवणाऱ्या बाईच त्या, पण समोर कोण बसलंय ते बघून शिकवायच्या. म्हणाल्या, "कुत्र्याच्या डोळ्याच्या तळाला निसर्गानं कलई केलेली असते, पितळेच्या भांड्याला आपण करतो तशी. त्या कलईवर पातळ पडदा असतो. दिसतं ते पडद्यामुळं. ह्या आजारात पडदा विरत जातो, आधी अंधारात दिसेनासं होतं, मग उजेडातही. आणि पडदा विरला की खालची कलई जास्त चमकते." जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही ज्याला दिवा म्हणता ना भाऊ, तो विरलेला पडदा आहे."

  म्हणजे आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी शोधून शोधून, पारखून पारखून, जो आंधळा होत चाललाय त्यालाच निवडलं होतं, आणि त्याचीच पिल्लं गावोगाव वाटली होती. बाई पुढं सांगत होत्या. हा आजार रक्तातून येतो. एक चूक असते. ती आईबापांपैकी एकाकडूनच आली तर पिल्लाला दिसतं, फक्त चूक त्याच्या रक्तात गुपचूप बसते. दोघांकडूनही आली तर डोळा जातो. आणि इथली सगळी कुत्री एकमेकांची चुलत-मावस झालेली…

सुलोचनानं ताट खाली ठेवलं. "म्हंजे एका देवकात लगीन लावलं म्हना की."

बाईंचा हात दिवट्याच्या डोक्यावर होता तो तिथंच थांबला. "परत सांगा," त्या म्हणाल्या.

"पोरापोरीची सोयरीक बघताना आपन देवक इचारतो. एकाच देवकाची दोघं आसली तर भाऊभैन झाली, लगीन न्हाई. कुत्र्याचं देवक कोन इचारतंय?"

त्या दिवसापासून बाईंनी तो शब्द उचलला तो कायमचा. पुढं कुठल्याशा परिषदेत त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत "देवक" लिहिलं आणि बाहेरदेशीच्या पाहुण्यांना त्याचा अर्थ समजावत बसल्या, असं अनघा सांगते. आणि त्या व्याख्यानात एका सुलोचनाबाईंचे आभार मानले होते. हे कळल्यावर आमच्या घरात आठवडाभर भाजीला मीठ नव्हतं, स्वयंपाकघराचं लक्ष परदेशात होतं.

पण त्या दिवशी मला फक्त एकच गोष्ट विचारायची होती. शेवटी विचारली. "म्हंजे याचा वंश संपवायचा?"

तुम्ही म्हणाल, कुत्रं ते कुत्रं. पण दिवट्याची आई माझ्या हातात जन्मली होती, तिची आई माझ्या वडलांच्या. आमच्या घराला गावात ओळख आहे ती ह्या कुत्र्यांमुळं. दिवट्याच्या भुंकण्यातला खर्ज, वासराला शिंगानं नव्हे तर कानानं धरून परत आणण्याची अक्कल, पोरांनी शेपूट ओढली तरी न चावणं… हे सगळं एका चुकीपायी माझ्या अंगणातच थांबणार होतं.

"कशाला संपवायचा?" बाई म्हणाल्या. "आवाज ठेवू, अक्कल ठेवू. फक्त डोळा दुसऱ्या घरचा आणू. वेगळ्या देवकाची बायको शोधायची. वेळ लागेल, तोवर ह्यांना कुणाच्या आवतणाला पाठवू नका."

वेळ लागला. आधी ती चूक नेमकी कुठली, तेच माहीत नव्हतं. आमच्या गावठी कुत्र्यांच्या रक्ताचा अभ्यास कुणी केलेलाच नाही, असं बाई म्हणायच्या. मग आम्ही निघालो. मी गाडी चालवायचो, बाई मागं रक्ताच्या नळ्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. घोडेगावाच्या पलीकडं, भातखाचरांच्या वाड्यांपर्यंत, आणि इकडं जुन्नरच्या द्राक्षमळ्यांपर्यंत एकही अंगण सोडलं नसेल. दारात उभं राहून बाई म्हणायच्या, "कुत्र्याचं देवक तपासायला आलेय," आणि माणसं हसून आत घ्यायची. आजाराचं नाव काढलं असतं तर दारं लागली असती. देवक म्हटल्यावर बायका आपणहून सांगायच्या की ही कुत्री कुणाच्या वस्तीवरून आली, तिची आई कुणाची, मावशी कुठं दिली. मी गोष्टी सांगून माणसं गुंतवायचो, बाई तेवढ्यात रक्त काढून मोकळ्या. एका वाडीत तर मी बिबट्याला विहिरीत पाडेपर्यंत अर्ध्या वाडीची कुत्री तपासून झाली होती.

अनघाच्या प्रयोगशाळेत शेवटी ती चूक सापडली. तिचा फोन आला तेव्हा आम्ही घोडेगावच्या स्टँडवर होतो. बाईंनी फोन ऐकला, ठेवला आणि वडेवाल्याला म्हणाल्या, "आज तिखट चटणी जास्त." दुसरी काही जल्लोषाची पद्धत त्यांच्याकडं नव्हती. मग साठवलेलं एकेक रक्त तपासलं, आणि सगळ्या मुलखात दिवट्याच्या जोडीची, निर्मळ देवकाची, तरणी कुत्री निघाली ती पार वरच्या वाडीत, ठकूबाईकडं.

ठकूबाई म्हणजे डोंगरातली म्हातारी, भात आणि नाचणीची शेती, आणि जीभ कोयत्यासारखी. तिच्या ओसरीवर आम्ही वरपक्षासारखे बसलो. बाईंनी कोरा चहा घेतला आणि सरळ सुरुवात केली, "तुमच्या साळूसाठी स्थळ आणलंय."

ठकूबाईनं मला खालीवर न्याहाळलं. "पोरगा काय करतो?"

"राखन करतो," मी म्हणालो. "घर चांगलंय."

"दिसायला?"

"दिसायला राजबिंडा. दिसतच नाय फक्त त्याला."

"आंधळा जावाय," ठकूबाई म्हणाली. "आनि तुमी गाडी करून मागनी घालाया आलाव. माझ्या पोरीत काय खोट हाय म्हून?"

"तिच्यात काहीच खोट नाही, म्हणूनच आलोय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, कलईपासून देवकापर्यंत. म्हातारी ऐकत होती. साळू तिच्या पायापाशी झोपली होती. शेवटी ठकूबाईनं एकच विचारलं. "पिल्लांना दिसंल?"

"सगळ्यांना दिसेल. पण त्यांची आपसांत लग्नं लावायची नाहीत. पुढची प्रत्येक सोयरीक देवक बघून."

"ते आमाला नका शिकवू," ठकूबाई म्हणाली. "पयलं पिल्लू माजं. आनि ह्या पावन्याला सांगा, लग्नात जादा बोलायचं नाय."

पिल्लं झाली. ठकूबाईनं तिचं निवडलं, बाकीची ज्यांनी नेली त्यांनी बाईंच्या हातावर सुपारी ठेवून देवकाचा शब्द दिला. एक कुत्री मी ठेवली. मात्र बाईंचं समाधान होईना. मी म्हणालो, तपासणीत आलंय ना सगळ्यांना दिसणार म्हणून? तर म्हणाल्या, "आलंय, आणि ते खरंच आहे. तरी मला कापूस पडताना बघायचाय. आत्ता नाही. ह्यांच्या वडलांनाही लहानपणी दिसत होतं. चमक आली ती वर्षाचे व्हायच्या सुमारास. तेवढं वय होऊ दे."

तेवढं वय व्हायच्या आत बाई आजारी पडल्या. शेवटचं भेटलो ते त्यांच्या घोडेगावच्या खोलीत. मी पिल्लू बरोबर नेलं होतं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हाताच्या काड्या झालेल्या, आवाज तेवढा वर्गातला. पिल्लानं गेल्या गेल्या पलंगाखालची पिशवी ओढली, कापसाचा अख्खा गठ्ठा बाहेर काढला आणि खोलीभर बर्फ पाडला. बाईंना एवढं हसू आलं की ठसका लागला. "अहो, अहो कापशीबाई," त्या म्हणाल्या, आणि तेच तिचं नाव पडलं. मी कापूस गोळा करत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, मी नसले तर बराखीत तुम्हीच कापूस सोडायचा. आणि अनघाला फोन करायचा. पण एक अट आहे."

"काय?"

"जे दिसेल तेवढंच सांगायचं. अकरा फुटांचं काही नको."

"अकरा कुठं, नऊच व्हता," मी म्हणालो.

"पाच असेल," बाई म्हणाल्या. "पण गोष्टीत नऊच बरा होता. त्या गोष्टीमुळंच मला कळलं." मग डोळे मिटून पडल्या. जरा वेळानं वाटलं झोप लागली, तर म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड होतं… हे तुम्ही लपवलं नाहीत." मी म्हणालो, ते मंडळींनी सांगितलं. "तुम्ही हो म्हणालात," त्या म्हणाल्या.

दिवट्याला आता उजेडातही दिसत नाही. बाईंनी शिकवलं तसं आम्ही अंगणातली बाज हलवत नाही, पाण्याचं भांडं तिथंच ठेवतो, गाईच्या गळ्यात घुंगरू बांधलंय. तो राजासारखा फिरतो. नवा माणूस आला तर त्याला पटत नाही की हा आंधळा आहे, आणि मीही घाईनं पटवायला जात नाही. संध्याकाळी त्याचे डोळे अजून पेटतात. लोक पिल्लू मागायला येतात तर सुलोचना आधी त्यांच्या कुत्रीचं देवक विचारते आणि मग मला चहा टाकायला सांगते.

कापशीचे डोळे पेटत नाहीत. संध्याकाळी बघावं तर साधे, बाकीच्या कुत्र्यांसारखे. आमचा एक पाव्हणा तर तिला बघून हळहळला, म्हणाला, "भाऊ, दिवट्याच्या पोटी हे असं कसं निपजलं?"

परवा तिन्हीसांजेला आम्ही बराखीला घोंगड्या लावल्या. कांदा ह्या वर्षीही छातीपर्यंत आहे आणि थोडा सडलाय. सुलोचनानं कापशीला धरलं. दिवट्या दाराशी येऊन बसला, त्याला बोलावलं नव्हतं. दार बोटभर उघडं ठेवलं. बाईंच्या गठ्ठ्यातला एक बोळा मी त्या शेवटच्या भेटीतच सदऱ्याच्या खिशात घालून आणला होता, तो काढला. कापशीच्या नाकासमोर धरला. तो सोडला.

बाहेर येऊन अनघाला फोन लावला.

"कापूस पडला," मी म्हणालो. "कापशीनं बघितला."

ती पुढच्या वाक्यासाठी थांबली. माझ्या फोनवर पुढचं वाक्य नाही, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आणखी काय, भाऊ?"

"एवढंच."

 मग तिकडं तिनं नाक ओढलं. कांदा काही तिच्याकडं नव्हता.